नसलेला उंबरा

पाय उचलला, आणि जिथे टेकायला हवा होता तिथे काहीच नव्हतं. म्हणजे फरशी होती. नवीकोरी, सपाट, बाहेरच्या वाटेशी अगदी एका पातळीत. पण ते माझ्या पायाला कुठे माहीत? त्याने आपला बेत आधीच ठरवून ठेवला होता. चांगला वीतभर वर गेला, क्षणभर हवेत चाचपडला, आणि मग असा खाली आदळला की टाळूपर्यंत झिणझिण्या गेल्या, दाढा एकमेकींवर वाजल्या आणि हातातलं सामान घेऊन मी दोन पावलं धावतच घरात शिरले. आतून माझा कामातला जोडीदार, फुंकर, ओरडला, "ताई, काय झालं? कशाला अडखळलात?" मी म्हटलं, "कशालाच नाही." आणि ते अगदी खरं होतं. वाटेत काहीतरी असलं म्हणून माणसं पडतात. मी वाटेत काहीच नव्हतं म्हणून पडता पडता वाचले. फुंकर दारापाशी येऊन फरशी बघून गेला, वाकून हात फिरवून गेला, आणि मग माझ्याकडे असं बघायला लागला की याच बाई इतरांच्या घरांतले धोके शोधून काढतात ना. गंमत अशी, की बिनउंबऱ्याच्या दारांतून माणूस दिवसभर ये-जा करतो. ऑफिसात, दवाखान्यात, दुकानात. तिथे माझा पाय कधी असा वर गेला नाही. पण या दारात शिरताना माझ्या मनात एकच वाक्य होतं, की हे आईचं घर. पायाने तेवढंच ऐकलं आणि आईच्या घरात शिरताना जन्मभर जसा उचलला जातो तसा तो उचलला गेला.

आमचं काम सांगायला सोपं आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ज्या नव्या इमारती होतात, त्या राहायला देण्याआधी आम्ही दोघं जाऊन तपासतो. घर सगळ्यांना वापरता येईल का, हे मी बघते. घरातून वारा गळतो का, हे फुंकर बघतो. त्याचं हे नाव मीच ठेवलं. तो घराच्या दारात लाल कापड ताणून बसवतो, मध्ये भलाथोरला पंखा लावतो, सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतो आणि पंख्याने घरातली हवा बाहेर ओढतो. मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरचा वारा आत घुसतो, आणि किती हवा ओढावी लागली त्यावरून घर किती चाळणी आहे ते कळतं. चाळणी असलं तर थंडीत ऊब टिकत नाही, उन्हाळ्यात गारवा टिकत नाही, आणि घर स्वस्तात मिळालेलं माणूस पुढे आयुष्यभर विजेच्या बिलाशी भांडत बसतं. माझ्याकडे यंत्र वगैरे काही नाही. माझ्याकडे एक गोल कापड आहे. व्हीलचेअर जागच्या जागी वळायला जेवढी मोकळी जागा लागते, तेवढं. ते मी खोल्याखोल्यांतून अंथरत फिरते. भिंतीला कुठे दुमडलं, की ती खोली नापास. हे कापड आईने शिवून दिलं, जुन्या पलंगपोसाचं, कडेला जांभळी पट्टी लावून. तेव्हा ती धडधाकट होती. शिवताना म्हणाली होती, "एवढं मोठं टेबल आहे तरी कुणाचं?" मी सांगितलं की हे टेबलासाठी नाही, चाकाच्या खुर्चीसाठी आहे. तर म्हणाली, "मग जरा ऐसपैस कापते. बसणारी बाई जाडी असली तर?"

तीच बाई आता खुर्चीत बसते, आणि जाडी अजिबात नाही. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ते जुळलं तेही वाकडंच. चार पावलं धरून धरून टाकते, पाचव्याला खुर्ची लागते. त्याचं दुःख तिने फार केलं नाही. दुःख केलं ते एकदाच. दवाखान्यात न्यायचं होतं, आणि तिच्या घराला हा असा वीतभर उंच लाकडी उंबरा, बाहेर तीन दगडी पायऱ्या आणि पुढे लगेच गल्ली. उतरती फळी लावावी तर ती समोरच्याच्या खिडकीत जाईल. मग गल्लीतल्या चौघांनी खुर्चीसकट तिला उचललं. माणसं चांगली होती, प्रेमाने उचललं. पण एक म्हणाला, "जरा डावीकडे तिरपी घ्या," दुसरा म्हणाला, "कोपरा लागेल, सांभाळा," आणि आई वरून ऐकत होती. संध्याकाळी घरी आल्यावर मला म्हणाली, "कपाट हलवताना जे बोलतात ना, ते सगळं माझ्यासमोर बोलले गं." आणि तेव्हापासून हेका धरून बसली, "आता मला कुणी उचलायचं नाही. यापुढे या घरातून निघेन ती आडवीच." डॉक्टर घरी यायला लागले. भाजी घरी यायला लागली. दोन वर्षं आई उंबऱ्याच्या आत खुर्ची लावून गल्ली बघत बसली. मी माझ्या घरी चल म्हणून जंग जंग पछाडलं, पण माझं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. रोज जगाला मोकळी दारं द्यायला निघणारी मी, आणि स्वतःच्या आईला घरी नेता येत नाही. पायलीभर अक्कल घेऊन नुसतं फिरायचं. मग या नव्या इमारतीच्या सोडतीत आईचं नाव लागलं, तळमजल्यावर. मी तडक आमच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडमना जाऊन सांगितलं की इथे माझी आई राहायला येणार आहे. त्या म्हणाल्या, "तू मापं घे, शेवटची सही मी करीन. आणि आईंचं घर आहे म्हणून उगाच जास्त कडक होऊ नकोस." आईची अट साधी होती. जाताना कुणी उचलायचं नाही, आणि तिथे गेल्यावर तर नाहीच नाही.

खरं म्हणजे मी त्या जुन्या उंबऱ्यावर केव्हाच करवत चालवणार होते. पायऱ्या राहिल्या असत्या, पण निदान दारातून बाहेर डोकावता तरी आलं असतं. आईने ऐकलं नाही. "मग तुझे बाबा कशाला अडखळतील?" म्हणाली. बाबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. हसत म्हणाली, पण करवतीचा विषय तिथेच संपला. बाबांचं आणि त्या उंबऱ्याचं जन्माचं वैर होतं. माणूस उंच, डोक्यात कायम काहीतरी चाललेलं, हातात कायम काहीतरी धरलेलं. संध्याकाळी घरी येताना आधी हातातल्या वस्तूचा कोपरा चौकटीला लागायचा, ठक्, आणि मग बोटाला ठेच लागून पाऊल आत पडायचं, धप्प. रोज. आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आतूनच ओरडून सांगायची, "पाय उचला!" पोस्टमनला, मीटर वाचायला येणाऱ्याला, माझ्या मैत्रिणींना. सगळे उचलायचे. एकटे बाबा उचलायचे नाहीत. मग ठेच लागली की ते उंबऱ्याशीच भांडायचे, "तू कालही इथेच होतास, नाही का? हलू नकोस, बरं!" आणि आई चुलीशी पाठमोरी असली तरी मान न वळवता म्हणायची, "आलात? दार लावा, वारा येतोय." ठक्, धप्प, आलात, वारा येतोय. माझं लहानपण या चार आवाजांवर दिवेलागण ओळखायला शिकलं. वाराही खराच यायचा. एवढा उंच उंबरा असूनही दार आणि लाकूड यांच्यामध्ये करंगळीएवढी फट होती, आणि दार लागलं की आई तिथे जुन्या चादरीची वळकटी पायाने सरकवून बसवायची. त्या वळकटीला आम्ही मांजर म्हणायचो. "मांजर ठेवलं का?" असं विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी झोपत नसे.

तर असा तो पाय आदळला, आणि मी कापड काढून कामाला लागले. स्वयंपाकघरात अंथरलं, पुरलं. न्हाणीघरात अंथरलं, पुरलं, वर बोटभर शिल्लक. मला इतका आनंद झाला की मी त्या कापडावर उभी राहून स्वतःभोवती एक गिरकी घेतली. फुंकरने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्याने नेहमीसारखं मुख्य दाराच्या चौकटीत लाल कापड ताणलं, पंखा बसवला, घरघर सुरू झाली, आणि आकडा आला तो इतका सुरेख की फुंकरने मोबाइलवर त्याचा फोटो काढला. "ताई, एवढं घट्ट घर मी या वर्षात पाहिलं नाही. आईंना सांगा, पदर हलणार नाही." पंखा उतरवून तो गाडीत सामान ठेवायला गेला. मी दार लावून घेतलं आणि आत भिंतीला टेकून फरशीवरच बसले, कारण घोटा आता ठणकायला लागला होता. बूट काढला, मोजा काढला, पाय दाराकडे लांब केला आणि चोळायला लागले. आईची खाट इथे येईल, म्हणाले मनाशी. शिवणयंत्र त्या खिडकीत. आणि तेवढ्यात तळपायाला कुणीतरी गार गार फुंकर घालतंय असं वाटलं. पाय मागे घेतला, फुंकर थांबली. पुढे केला, परत. मी सरळ पालथी झाले आणि दाराखाली गाल लावला. बाहेरच्या बागेची ओली माती वासासकट माझ्या नाकात शिरत होती. दार आणि फरशी यांच्यामध्ये माझी करंगळी सहज गेली. मनात पहिला शब्द उठला तो मांजर.

मी तशीच एका पायात बूट घालून बाहेर पळाले. "पंखा परत काढ," म्हटलं. फुंकर म्हणाला, "का?" "आपण तो दारात लावला होता." "दारातच लावतात, ताई." "तेच म्हणतेय मी." मग त्याच्या चेहऱ्यावर जे काही उजाडत गेलं ते बघून मला हसू आवरेना. सगळं घर तपासायचं, कानाकोपरा तपासायचा, आणि जे दार सगळ्यात जास्त गळणार तेच उघडून त्याच्या जागी पंखा बसवायचा! घराची झडती घ्यायची आणि चोराला पहाऱ्यावर उभं करायचं! आधीच्या इमारतींना उंबरे असायचे, दारं त्यावर नीट टेकायची, म्हणून ही पद्धत खपून गेली. या इमारतीपासून नवे नियम आले, उंबरे गेले, आणि आम्ही दोघं जुन्या सवयीने तिथेच पंखा लावत राहिलो. माझ्या पायाची आणि फुंकरच्या पंख्याची सवय एकाच जातीची निघाली. मग पंखा बाल्कनीच्या दारात बसवला, मुख्य दार लावलं आणि चालू केला. दाराखाली धरलेला कागदाचा कपटा माझ्या हातातून सुटला तो उडत थेट स्वयंपाकघरात. फुंकरने या वेळी फोटो काढला नाही. शेजारचं घर, त्याच्या शेजारचं, वरचं, सगळीकडे तेच. इमारत नापास.

नियमपुस्तक मी रात्रंदिवस जवळ बाळगते, पण त्या दिवशी मला त्याचा मनापासून राग आला. एका पानावर लिहिलंय, दाराला उंबरा नसावा. दुसऱ्या पानावर लिहिलंय, दाराखालून वारा नसावा. दोन्ही बरोबर. पण ती पानं लिहिणारे दोघं एका स्वयंपाकघरात वावरणाऱ्या अबोला धरलेल्या जावांसारखे. एकीने झाकण काढायचं, दुसरीने घालायचं, आणि मध्ये भांडं बिचारं करपायचं. साइटचा इंजिनिअर धावत आला. हा मुलगा मनाने सोन्यासारखा, पण त्याला काहीही सांगा, तो म्हणणार "होऊन जाईल", म्हणून सगळे गवंडी-सुतार त्याला होजाईल म्हणतात. होजाईलने दार उघडून-लावून पाहिलं, गाल लावून पाहिला, आणि उठून म्हणाला, "काही अवघड नाही, मॅडम. चार बोटांचा दगडी उंबरा टाकतो प्रत्येक दाराला. वारा बंद. आठवडाभरात होऊन जाईल." मी म्हटलं, "आणि खुर्ची?" तो म्हणाला, "कुठली खुर्ची?" मग त्याच्या लक्षात आलं. त्याने आवाज खाली आणला, आणि अगदी मनापासून, माझी काळजी वाटून म्हणाला, "तुमच्या आईंच्या दाराला नको टाकायला. तिथे दुसरं काहीतरी करू. एका घराचं काय मोठं? बाकीच्यांपैकी कुणी खुर्चीवाला दिसत नाही यादीत."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट आत कुठेतरी काहीतरी सैल झालं, गोड वाटलं. हे मी कबूल करते. बसमध्ये खिडकीशी बसून घरी येताना मी सारखा तोच हिशेब घोळवत होते, की यात वाईट कोणाचं होतंय? बाकीचे लोक चालते-फिरते आहेत. चार बोटांचा उंबरा, लहान मूलही ओलांडेल. ताबा वेळेवर मिळेल. आई दोन वर्षांनी बाहेर पडेल. आणि समजा मी हट्ट धरला, काम लांबलं, तोवर आईचं मन फिरलं, तर? तिचं मन फिरायला काय लागतं! सामान बांधून झालंय, आणि ती रोज त्यातलं काहीतरी परत सोडतेय. परवा चहाची किटली सोडली, काल शिवणाचा डबा. उद्या म्हणेल, राहू दे गं, इथेच बरी आहे मी. मग आडवीच. मला माझी आई उभी नको होती, चालती नको होती. बसलेली चालेल, पण बाहेर हवी होती. चारचौघांत, उन्हात, कुणाची तरी उणीदुणी काढत. त्यासाठी बाकीच्या सगळ्या दारांना चार चार बोटं दगड लागले तर लागले, असं मला चक्क वाटत होतं. बस आईच्या गल्लीशी थांबली आणि मी उतरले. माझ्या स्टॉपच्या आधी उतरले, हे मला उतरल्यावर कळलं.

आई उंबऱ्याच्या आत खुर्ची लावून बसली होती. "पाय उचल," म्हणाली. उचलला. "लंगडतेस का?" "तुझ्या नव्या घरात पडता पडता वाचले." "शिरायच्या आधीच पडलीस? माझं घर पक्कं झालं म्हणायचं." मी हसले आणि मग तिच्या समोर, त्याच उंबऱ्यावर बसून, सगळं सांगून टाकलं. पंख्याचं सांगितलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. होजाईलचा तोडगा सांगितला तेव्हा हसायची थांबली.

"म्हणजे बाकी सगळ्यांना उंबरा, आणि मला एकटीला नाही?"

"हो. तुला काही त्रास नाही."

"मी माझ्या घरातून आपली आपण बाहेर पडणार."

"हो."

"आणि मग जाणार कुठे?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "बाहेर. बागेत. कुठेही."

"समोरच्या बाईच्या दारापर्यंत जाणार," आई म्हणाली, "आणि तिथून हाक मारणार. अहो बाई, जरा साखर द्याल का, दारात आणून?"

"साखर मी आणून देईन ना, आई."

"मला साखर नकोय गं, बावळट!" ती एवढ्या जोरात ओरडली की गल्लीतून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला. "मला लोकांची घरं बघायचीत! दोन वर्षं झाली, सगळे माझ्याकडे येतात. पाय उचलतात, बसतात, कसं वाटतंय विचारतात, उठतात. मी कुणाकडे जात नाही. पाहुणी म्हणून जायचंय मला कुणाकडे तरी. त्यांनी नको नको म्हटलं तरी बसून राहायचंय. त्यांचे पडदे कसल्या घाणेरड्या रंगाचे आहेत ते डोळे भरून बघायचंय, आणि तू आलीस की तुला सांगायचंय. माझ्या एकटीच्या दाराला उंबरा नाही, म्हणजे काय गं? कोंडवाडा तोच. जरा मोठा."

नियमपुस्तकात हेच लिहिलेलं आहे. घर कुणाचंही असो, भेटीस येणाऱ्या व्यक्तीसही प्रवेश सुलभ असावा. ही ओळ मी लोकांना तोंडपाठ म्हणून दाखवते. पण ती वाचताना पाहुणा म्हणून माझ्या डोळ्यांसमोर कायम कुणीतरी परका, गंभीर, कोटातला माणूस यायचा. शेजारणीचे पडदे बघायला आसुसलेली माझी आई कधी आली नव्हती. मला इतकी लाज वाटली आणि त्याहून जास्त इतकं बरं वाटलं, की मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिने माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "तेल लावत जा जरा. आणि त्या होजाईलला सांग, म्हातारी येणार नाही म्हणाली. सगळी दारं सपाट झाल्याशिवाय येणार नाही. कितीही दिवस लागू देत. किटली मी बाहेर काढूनच ठेवलीय."

दुसऱ्या दिवशी मी होजाईलला सांगितलं. मोठ्या मॅडमनाही सांगितलं, होजाईलने देऊ केलेल्या सोयीसकट, आणि त्यांनी ठणकावून लिहून दिलं की एकाही दाराला दगड लागणार नाही. उपाय होता, नवा नव्हता, फक्त त्याचा खटाटोप कुणाला नको होता. दाराच्या खालच्या कडेत एक रबरी पट्टी लपवून बसवतात. दार उघडलं की ती वर जाते; दार लागलं की चौकटीचा दाब बसून आपोआप खाली उतरते आणि फरशीला चिकटते. "ती लांबून मागवावी लागेल, मॅडम," होजाईल म्हणाला. "प्रत्येक दार उतरवून खालून कापावं लागेल." "होऊन जाईल ना?" मी विचारलं. त्याने इतक्या रडव्या आवाजात "होऊन जाईल" म्हटलं की सुतारांनी कामं टाकून टाळ्या वाजवल्या. पहिल्या दाराला बसवलेली पट्टी उघडताना वरच जाईना. फरशीला अशी धरून बसली की दोन सुतारांनी खांदे लावले तेव्हा दार हललं. आई असती तर आतच राहिली असती. परत कापलं, परत बसवलं. तोवर दिवस गेले, आईची किटली बाहेर आली, आत गेली, परत बाहेर आली. रोज संध्याकाळी ती विचारायची, "माझ्या शेजारणीचं दार झालं का?" स्वतःच्या दाराचं एकदाही विचारलं नाही. मग एका सकाळी फुंकरने बाल्कनीत पंखा लावला, मी मुख्य दाराखाली कपटा धरला, आणि कपटा माझ्या बोटांत गुमान बसून राहिला. शेजारी बसून राहिला. वरती बसून राहिला. शेवटच्या घरात फुंकर माझ्याजवळ येऊन पालथा झाला आणि आम्ही दोघं शहाणीसुरती माणसं एका कागदाच्या तुकड्याकडे कौतुकाने बघत फरशीवर पडून राहिलो.

निघायच्या दिवशी मी आतून धास्तावले होते. नव्या घराला उंबरा नव्हता, पण जुन्याला होताच, आणि खाली तीन पायऱ्या. गल्लीतले ते चौघं लांब उभे होते, कुणी बोलवायची वाट बघत, कुणी जवळ यायला धजत नव्हता. आईने खुर्ची उंबऱ्याशी आणली. चाकं अडकवली. मग मला म्हणाली, "बाजूला हो," आणि दोन्ही हातांनी चौकट धरून हळूच उंबऱ्यावर बसली. बसल्या बसल्याच पाय बाहेर टाकले. हात टेकला, सरकली, एक पायरी उतरली. परत हात टेकला. पायऱ्या चढायला शिकणारं लेकरू उतरतं तशी, लुगड्याला माती लावून घेत, मध्ये थांबून धापा टाकत आणि सगळ्यांकडे बघून हसत ती खाली उतरली. मागून खुर्ची चौघांनी आणली. खुर्ची उचलायला तिची हरकत नव्हती. मी म्हटलं, "आई, हे तुला आधीही जमलं असतं की!" गल्लीत खुर्चीत बसून पदर झटकत ती म्हणाली, "जमलं असतं. पण उतरून जायचं होतं कुठे?" मग मागे वळून त्या उंबऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "तिथे गेल्यावर तुझ्या बाबांना कसं कळायचं, घर आलं म्हणून," आणि खुर्ची वळवली. गाडीवाला घाई करत होता.

नव्या दारातून ती आपली आपण आत गेली. मी मागे होते, हात खुर्चीच्या पाठीला न लावता, पण लावायच्या बेतात. चाकं बाहेरच्या वाटेवरून आतल्या फरशीवर कधी गेली ते चाकांनाही कळलं नाही. आत जाऊन तिने एक चक्कर मारली, परत बाहेर आली, परत आत गेली, परत बाहेर आली. मग समोरच्या शेजारणीने दार उघडलं आणि काय चाललंय म्हणून बघितलं, तर आई तिला म्हणाली, "येतेच मी तुमच्याकडे. सामान लागू दे." आणि त्या बाईच्या खांद्यावरून आतल्या पडद्यांकडे एक नजर टाकून माझ्याकडे तिने असं काही बघितलं की मी हसू दाबत खोकी आणायला गाडीकडे पळाले.

शेवटचं खोकं मोठं होतं. त्यात शिवणाचा डबा, किटली, आणि सगळ्यात वर ते गोल कापड. स्वयंपाकघरातल्या टेबलावर घालते म्हणून आईने माझ्याकडून परत मागून घेतलं होतं. छातीपर्यंत खोकं धरलेलं, समोरचं काही दिसत नव्हतं. आई आत ओट्याशी पाठमोरी होती. पाणी उकळत ठेवल्याचा आवाज येत होता. मी आत शिरले आणि मनात तेच वाक्य आलं, की हे आईचं घर. खोक्याचा कोपरा चौकटीला लागला. ठक्. पाय आपोआप वीतभर उचलला गेला, खाली काहीच मिळालं नाही, आणि पाऊल आदळलं. धप्प.

"आलात?" आई म्हणाली. मान वळवली नाही. "दार लावा, वारा येतोय."

मी जागच्या जागी उभी राहिले. तळपाय झिणझिणत होता. ओट्याशी आईचा हातही थांबला होता, भांड्याचं झाकण हवेत धरून. पाणी उकळत राहिलं. मग तिची पाठ हलायला लागली. मला कळेना ती रडतेय की हसतेय, आणि मग ती मोठ्याने, मनसोक्त हसली, डोळे पदराने पुसत पुसत हसली, आणि तरीही वळली नाही.

"लावलं का?" तिने विचारलं.

मी खोकं खाली ठेवलं आणि दार लावलं. आतली पट्टी हळूच खाली उतरली.

"लावलं," मी म्हटलं.